पथारीवरची वस्तू हातात घेताना

परदेशी शहरांतल्या उघड्यावरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतल्या काहींना या अंकात उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पहिल्यांदाच युरोपात जाणार आहोत. प्रत्येक शहरात एक तरी फ्ली मार्केट पाहावे असे मनात आहे. सहलीचे वेळापत्रक आखताना काय लक्षात ठेवावे? आणि या बाजाराला ‘पिसवांचा बाजार’ असे विचित्र नाव कसे पडले?

उत्तर : सर्वांत आधी वार पाहावा, कारण यांपैकी बहुतेक बाजार आठवड्यातून एकदोन दिवसच भरतात आणि रिकाम्या चौकात जाऊन उभे राहण्याची वेळ अनेक पर्यटकांवर येते. माद्रिदचा एल रास्त्रो रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरतो आणि दुपारी तीनच्या सुमारास आवरतो. लिस्बनची फैरा दा लाद्रा मंगळवारी आणि शनिवारी असते. व्हिएन्नाच्या नाशमार्क्टलगतचा जुना बाजार फक्त शनिवारी असतो. अ‍ॅमस्टरडॅमचा वॉटरलूप्लाइन इतर दिवशी चालू असला तरी रविवारी बंद असतो. लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर इतर दिवशीही दुकाने दिसतील, पण जुन्या वस्तूंचा खरा बाजार पाहायचा तर शनिवारच गाठावा लागतो. पॅरिसच्या उत्तर सीमेवरील सँत-उअँचा बाजार शनिवार ते सोमवार असतो. ब्रसेल्समधल्या झू द बाल चौकातला बाजार मात्र रोज भरतो, त्यामुळे ज्यांच्या सहलीत शनिवार-रविवार येत नाही त्यांनी तो जरूर पाहावा. मुक्काम ठरवण्याआधी हे वार कागदावर मांडले, तर एखाद्या शहरातला एक दिवस मागेपुढे करून दोन बाजार सहज साधता येतात.

वेळेचे म्हणाल, तर सकाळी लवकर गेल्यास वस्तू चांगल्या मिळतात आणि बाजार उठताना गेल्यास भाव चांगला मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाही. नवख्या माणसाने सकाळी जावे असे मी म्हणेन. गर्दी नसते, विक्रेत्याला बोलायला सवड असते आणि उजेड स्वच्छ असल्याने चीर किंवा टवका लगेच दिसतो.

नावाविषयी सांगायचे तर हा शब्द फ्रेंच ‘मार्शे ओ प्यूस’ यावरून आला आहे. पॅरिसमध्ये रात्री कंदील घेऊन केराच्या ढिगांतून चिंध्या, हाडे, धातू वेचणारे लोक होते. १८८३ साली तिथले प्रशासकीय प्रमुख यूजेन पुबेल यांनी घरमालकांना झाकणाचे केराचे डबे ठेवण्याची सक्ती केली; फ्रेंच भाषेत केराच्या डब्याला आजही ‘पुबेल’ म्हणतात ते याच गृहस्थांमुळे. रस्त्यावरचे ढीग असे डब्यांत गेल्यावर या चिंध्या वेचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी शहराच्या तटाबाहेर पथाऱ्या मांडल्या आणि सँत-उअँच्या बाजाराचा जन्म साधारण १८८५पासूनचा मानतात. जुन्या गाद्या-कपड्यांबरोबर पिसवाही आल्या असतील, तसेच हे नावही आले, असे सांगितले जाते. तिथे जाताना एवढे ध्यानात असू द्यावे की मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर लागणारी नव्या कपड्यांची आणि बुटांची गर्दी म्हणजे तो बाजार नाही. मोठ्या वर्तुळमार्गाच्या पुलाखालून पलीकडे गेल्यावर व्हर्नेझाँ, पोल बेर, दोफीन अशा वेगवेगळ्या आळ्या सुरू होतात. कित्येक पर्यटक पुलाच्या अलीकडूनच निराश होऊन परत फिरतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न : भाव करायला मला संकोच वाटतो. न करावा तर फसवणूक होईल अशी भीती, करावा तर समोरच्याचा अपमान होईल अशी भीती. भाषाही येत नाही. काय करावे?

उत्तर : संकोच बाळगण्याचे कारण नाही. जुन्या वस्तूला छापील किंमत नसते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा हा बोलण्याचा आरंभ आहे आणि तो त्यालाही ठाऊक असतो. अपमान होतो तो वेगळ्या गोष्टींनी. आल्याआल्या अभिवादन न करता वस्तू उचलणे, विशेषतः फ्रान्समध्ये, उद्धटपणाचे समजले जाते. ‘बाँझूर’ एवढा एक शब्द उच्चारला की पुढचे सगळे संभाषण बदलते. वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याची आपल्यापैकी काहींना सवय असते, तीही तिथे उपयोगाची नाही. ज्याने ती वस्तू पहाटे उठून, गाडीत भरून, कापडाने पुसून मांडली आहे, त्याला ‘हे तर भंगार आहे’ असे ऐकवल्यावर तो भाव कमी कशाला करील?

मी स्वतः जी पद्धत वापरतो ती साधी आहे. वस्तू हातात घेऊन शांतपणे सर्व बाजूंनी पाहतो, किंमत विचारतो, आणि मनात आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा त्याच क्षणी पक्का करतो. मग ‘यात काही कमी होईल का?’ एवढेच विचारतो आणि गप्प राहतो. बहुतेक वेळा तो स्वतःच थोडे खाली येतो. तो आकडा माझ्या मनातल्या आकड्याच्या आत असेल, तर आणखी ताणत नाही. नसेल, तर माझा आकडा सांगतो, आणि त्याने नकार दिला तर आभार मानून पुढे जातो. भाषा येत नसेल तर कागद-पेन्सिल किंवा मोबाइलवरचा आकडे लिहिण्याचा पडदा पुरतो. मात्र एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी. आपण बोललेला आकडा विक्रेत्याने मान्य केल्यावर वस्तू न घेता निघून जाणे हा खरा अपमान आहे, आणि तो कोणत्याही भाषेत कळतो.

एकाच पथारीवरून दोनतीन वस्तू एकत्र घेतल्या तर भाव करणे सोपे जाते, कारण विक्रेत्याला संध्याकाळी तेवढे ओझे कमी परत न्यायचे असते. तसेच भाव करून झाल्यावर मोठी नोट पुढे करू नये. सुटे पैसे आणि लहान नोटा जवळ असाव्यात. घासाघीस करून पाचांनी कमी केलेल्या वस्तूसाठी शंभराची मोड मागणारे गिऱ्हाईक कोणालाच आवडत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी मी एका बाजारातून ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ म्हणून एक लाकडी पेटी घेतली. घरी आल्यावर एका जाणकाराने ती अलीकडची असल्याचे सांगितले. विक्रेत्याने त्या पेटीची सगळी हकिकत मला सांगितली होती. खरे-खोटे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर दडलेले आहे. आपण पेटीची हकिकत ऐकली आणि पेटी पाहायची राहून गेली. पथारीवर ऐकलेली हकिकत तपासता येत नाही, वस्तू तपासता येते. म्हणून विक्रेता बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याऐवजी वस्तू उलटी करून तिच्या तळाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पुढची बाजू सजवलेली असते, तळ आणि आतली बाजू सहसा कोणी सजवत नाही.

पेटीचेच घेऊ. बिजागरीचे स्क्रू पाहावेत. अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. तसे स्क्रू मूळच्याच भोकांत बसलेले असतील आणि दुसऱ्या जुन्या भोकांच्या खुणा नसतील, तर ती पेटी दीडशे वर्षांची असणे शक्य नाही. झीज कुठे आहे तेही पाहावे. हाताळणीने लाकूड जिथे बोटे लागतात तिथेच गुळगुळीत होते, म्हणजे झाकणाची पुढची कड, कडीच्या भोवतालचा भाग, तळाचे कोपरे. पेटी सगळीकडून सारखीच ‘झिजलेली’ दिसत असेल, तर ती झीज पॉलिश-पेपरने एका दुपारीत केलेली असण्याचा संभव मोठा. झाकण उघडून वासही घ्यावा. ताज्या रंगाचा किंवा व्हार्निशचा वास लपवणे कठीण असते.

चिनीमातीच्या आणि पत्र्याच्या वस्तूंच्या तळाशी देशाचे नाव असते, आणि ते नाव एखाद्या दाखल्यासारखे वाचता येते. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१पासून बंधनकारक झाले, त्यामुळे निर्यातीसाठी बनलेल्या वस्तूंवर ते सर्रास दिसू लागले. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे लिहिलेली काच १९१८च्या आधीची असू शकत नाही आणि १९९२नंतरचीही नसावी. ‘पश्चिम जर्मनी’ हे नाव १९४९ ते १९९० या काळातले. ‘व्याप्त जपानमध्ये बनवलेले’ असा शिक्का असेल, तर ती वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आणि १९५२च्या आधीच्या थोड्याशा वर्षांतली ठरते. अर्थात शिक्काही खोटा मारता येतो. जर्मनीतल्या माइसेनच्या चिनीमातीवरच्या निळ्या एकमेकांवर टेकलेल्या तलवारींइतकी नक्कल झालेली दुसरी खूण क्वचितच असेल. तरीही साध्यासुध्या, स्वस्त वस्तूवर खोटा शिक्का मारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, म्हणून तिथे या नावांवर बराच विश्वास ठेवता येतो.

ब्रिटनमधल्या चांदीच्या वस्तूंच्या बाबतीत तर नवख्यालाही पुष्कळ कळू शकते. खऱ्या चांदीवर रांगेने लहान लहान ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे शुद्धतेची खूण, हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी. बिबट्याचे डोके असेल तर तपासणी लंडनची, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, मुकुट किंवा १९७५पासून गुलाब असेल तर शेफील्डची. शेजारचे एकच अक्षर वर्ष सांगते. त्याऐवजी ‘ईपीएनएस’ ही चार अक्षरे असतील, तर तो निकेलच्या मिश्रधातूवर दिलेला चांदीचा मुलामा आहे. तो घेण्यात वाईट काही नाही, फक्त चांदीचा भाव देऊ नये. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग आणि लहानसा लोहचुंबक खिशात असला की बराच उलगडा जागेवर होतो. चांदी किंवा पितळ चुंबकाला चिकटत नाही. जुने चित्र म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर भिंगातून रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते चित्र छापखान्यातले आहे.

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथल्या ड्राय ब्रिजवर, म्हणजे सोव्हिएत संघ कोसळल्यावर लोकांनी घरातल्या वस्तू पुलावर मांडायला सुरुवात केली आणि त्यातून जो बाजार उभा राहिला तिथे, एका विक्रेत्याने माझ्या हातात सोनेरी रंगाचा, लायका या जर्मन बनावटीचा म्हणून एक कॅमेरा ठेवला होता. त्यावर जर्मन गरुड कोरलेला होता आणि तो एका जर्मन अधिकाऱ्याचा असल्याची हकिकतही तयार होती. मी परवानगी विचारून त्याची फिरकीची लेन्स काढली. खऱ्या लायकाच्या तोंडात वरच्या बाजूला अंतर मोजणाऱ्या यंत्रणेचे जे टोक दिसते, त्याला एक लहानसे गोल चाक असते. इथे चाकाच्या जागी पाचरीसारखे चपटे टोक होते. म्हणजे तो सोव्हिएत बनावटीचा फेड किंवा झोर्की होता, त्याच्यावर मुलामा चढवून आणि नाव कोरून त्याला लायकाचे रूप दिलेले होते. फेड १९३४पासून खारकिवमध्ये आणि झोर्की १९४८पासून मॉस्कोजवळच्या कारखान्यात बनत असे. दोन्हींची रचना मुळात लायकावरूनच घेतलेली असल्याने हे रूपांतर सोपे जाते. मी लेन्स परत बसवून दिली. विक्रेता रागावला नाही. त्याने पथारीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवले. तिथे एक काळा-रुपेरी झोर्की स्वतःच्याच नावाने, कातड्याच्या फाटक्या पिशवीत पडलेला होता. शटर दाबल्यावर त्याचा स्वच्छ टक् असा आवाज आला, पडद्याला भोक नव्हते, आणि मी तो घेतला. आजही तो माझ्या टेबलावर आहे.

प्रश्न : माझ्या दोन्ही बहिणींसाठी मला त्या त्या ठिकाणच्या हातकामाच्या वस्तू आणायच्या आहेत. पण सगळ्या पर्यटनस्थळी तीच ती फ्रिजवर लावायची चुंबके आणि चाव्या अडकवायच्या साखळ्या दिसतात. हाताने केलेले आणि कारखान्यातले कसे वेगळे करावे?

उत्तर : एकाच नमुन्याच्या चार वस्तू मागून घ्याव्यात आणि शेजारी शेजारी ठेवाव्यात. हाताने केलेल्या चार वस्तू सारख्या असूनही एकसारख्या नसतात. रेघ कुठे जाड होते, फुलाची एक पाकळी कुठे झुकते, मातीच्या कपाचा कान थोडा वर-खाली बसतो. चारही वस्तूंवर तीच पाकळी त्याच कोनात झुकलेली असेल, तर ते छापील चित्र आहे.

रशियन मात्र्योश्का बाहुल्यांचे उदाहरण घ्यावे, कारण मॉस्कोच्या इझमाइलोवो बाजारापासून पूर्व युरोपातल्या प्रत्येक चौकापर्यंत त्या दिसतात. पुष्कळांना ही कला फार प्राचीन वाटते. पण पहिली जोडी १८९०च्या सुमारास रशियात झाली. कातारी वासिली झ्व्योझ्दोच्किन यांनी ती घडवली आणि चित्रकार सर्गेई माल्यूतिन यांनी रंगवली. चांगल्या जोडीसाठी लिंडनचे लाकूड आधी दीर्घकाळ वाळवतात, मग कातावर आधी सगळ्यांत लहान, न उघडणारी बाहुली काढतात आणि तिच्या मापाने पुढची. म्हणून पारख करताना मोठीकडे पाहू नये, सर्वांत लहान दोन बाहुल्या उघडून पाहाव्यात. मेहनत चुकवणारा तिथेच चुकवतो, चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक रेघ एवढ्यावर भागवतो. वरचा आणि खालचा भाग हलक्या विरोधाने बसला पाहिजे, खडखडता कामा नये, आणि फिरवून जुळवल्यावर चित्रातली रेघ सलग झाली पाहिजे. मोठीच्या तळाशी रंगवणाऱ्याची सही असेल तर उत्तम.

जिथे कारागीर स्वतः बसलेला असेल तिथे घ्यावे, हा माझा आग्रहाचा सल्ला. त्याच्या बोटांना रंग लागलेला असतो, समोर अर्धवट काम पडलेले असते, आणि ‘हे कसे करता?’ असे विचारल्यावर तो तोंडाने सांगण्याआधी हाताने करून दाखवू लागतो. अशा माणसाशी मी भाव करत नाही. जुन्या वस्तूच्या किमतीत घासाघिशीला जागा असते. हाताच्या श्रमाच्या किमतीत ती मला दिसत नाही.

प्रश्न : जुनी वस्तू देशाबाहेर आणताना कायद्याची अडचण येते का? बाजारात उघडपणे विकली जाते, म्हणजे ती विकत घेणे कायदेशीरच असणार ना?

उत्तर : नाही, आणि या गैरसमजापायी लोक खरोखर अडचणीत आले आहेत. बाजारात वस्तू मांडली जाणे आणि ती सीमेपलीकडे नेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानात १९८३च्या कायद्याने प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, आणि नाणे किंवा कोरीव दगडाचा तुकडा सामानात सापडल्याने पर्यटकांना विमानतळावर अडवून त्यांच्यावर कारवाई झाली आहे. रशियातून जुन्या धार्मिक प्रतिमा नेण्यावरही कडक निर्बंध आहेत. जी वस्तू जमिनीतून काढल्यासारखी दिसते, जिच्यावर माती चिकटलेली आहे, किंवा जी एखाद्या मंदिरातून, चर्चमधून, थडग्यावरून आली असावी असे वाटते, तिला हातही लावू नये. ती खोटी असेल तर आपण फसलो, आणि खरी असेल तर आपण चोरीत सहभागी झालो.

लिस्बनच्या फैरा दा लाद्रामध्ये रंगीत चकाकत्या फरश्या विकायला असतात. त्यांना अझुलेझू म्हणतात. तिथल्या एका पथारीवर मी निळ्या-पांढऱ्या रंगाची, साधारण तळहाताएवढी एक फरशी उचलली होती. ती इतकी सुंदर होती की मी पैसे काढायलाच निघालो होतो. मग उलटी केली. मागे बोटभर जाडीचा चुन्याचा थर होता, आणि एका कडेला छिन्नीचा ताजा, पांढरा टवका होता. म्हणजे ही फरशी कोणत्या तरी घराच्या भिंतीवरून अलीकडेच उखडून आलेली होती. पोर्तुगालमध्ये अशा चोऱ्यांनी कित्येक जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती बोडक्या झाल्या. तिथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने २००७ साली ‘एसओएस अझुलेझू’ हा प्रकल्प त्यासाठीच सुरू केला, आणि २०१३मध्ये लिस्बन नगरपालिकेने दर्शनी भिंतींवरच्या फरश्या काढण्यावर बंदी घातली. पाडलेल्या घरातल्या फरश्या रीतसर विकणारी दुकानेही तिथे आहेत, आणि आजचे कारागीर नव्या फरश्या हाताने रंगवतात. घ्यायचीच असेल, तर मागची बाजू स्वच्छ असलेली आणि सोबत पावती मिळणारी फरशी घ्यावी.

हस्तिदंत, समुद्री कासवाच्या कवचाचे कंगवे, काही जातींची पोवळी, वन्य प्राण्यांची कातडी यांबाबत वस्तू जुनी आहे एवढाच बचाव पुरत नाही. १९७३ साली झालेला आणि १९७५पासून लागू असलेला साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार या व्यापारावर नियंत्रण ठेवतो. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला, आणि ब्रिटनमध्ये २०२२पासून मोजके अपवाद सोडता त्याची खरेदी-विक्रीच बंद आहे. ‘हे हाड आहे, दात नाही’ असे विक्रेता म्हणेल. हाडावर भिंगातून बारीक काळपट छिद्रे किंवा रेघा दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांचे जाळे दिसते. पण सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर उभे राहून ही चर्चा करण्यापेक्षा अशी वस्तू न घेणेच बरे.

नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या आणि घड्याळे याच जातीत मोडतात. फ्रान्समध्ये नकली माल सीमाशुल्क खाते जप्त करू शकते आणि दंडही करू शकते. इटलीत तो विकत घेणाऱ्याला हजारो युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : गर्दीत पाकीट सांभाळावे कसे?

उत्तर : दिवसापुरती रोकड पुढच्या खिशात, पासपोर्ट मुक्कामाच्या ठिकाणी कुलपात, पिशवी छातीकडे. खिसेकापूला हवे असते ते आपले लक्ष दुसरीकडे गुंतणे. म्हणून रस्त्यात पत्ते मांडून ‘तिनांतली राणी ओळखा’ म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात क्षणभरही थांबू नये. तिथे जिंकणारा माणूस त्यांच्यातलाच असतो.

प्रश्न : ब्रसेल्सच्या बाजारात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात अनोळखी माणसांचे जुने फोटो ढिगाने होते. त्यांतला एक मी घेतला : समुद्राकाठी पाण्यात पाय सोडून बसलेली एक बाई आणि तिची दोन मुले. घरी मला सगळे विचारतात, परक्यांचा फोटो कशाला आणलास? मलाही आता चैन पडत नाही. असे फोटो बाजारात येतात तरी कसे?

उत्तर : घरे रिकामी होतात तेव्हा येतात. एखादा वृद्ध माणूस जातो किंवा वृद्धाश्रमात हलवला जातो, मुले दूर असतात किंवा नसतातच, आणि घर ठरलेल्या मुदतीत मोकळे करून द्यायचे असते. मग घरातला सगळा ऐवज एकगठ्ठा उचलून नेणाऱ्यांना बोलावले जाते. ते कपाट, भांडी, पडदे, पुस्तके, सारे एकाच गाडीत भरतात, आणि कपाटाच्या खणात राहिलेले फोटोही त्यासोबत जातात. झू द बालच्या चौकात सकाळी खोकी जशीच्या तशी दगडी फरसबंदीवर पालथी केली जातात, तेव्हा एका आयुष्यातले चमचे, चष्मे, पत्रे आणि फोटो एकत्र पडलेले दिसतात. हे पाहताना मलाही प्रत्येक वेळी थांबावेसे वाटते. आपण तो फोटो उचललात यात परकेपणाचे काही नाही. तो संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला असता, तर पुढच्या पावसात भिजला असता.

आता तो नीट जपावा एवढेच. बोटांचे ठसे टाळण्यासाठी तो कडेने धरावा. चिकटवहीत डिंकाने लावू नये, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावा आणि भिंतीवर लावायचा असेल तर थेट उन्हापासून दूर. आधी तो उलटा करून पाहिलात का? कित्येकदा मागे पेन्सिलीने लिहिलेले वर्ष किंवा गावाचे नाव असते, किंवा फोटो धुऊन देणाऱ्या दुकानाचा फिका शिक्का असतो. पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला असेल, तर मागे पत्त्यासाठी आखलेली जागा दिसेल. यांपैकी काही सापडले तर त्या बाईविषयी आपल्याला थोडे तरी निश्चित कळेल. काहीच नसेल, तर ती कोण होती याची कल्पना करून लिहून ठेवू नये. पुढे कोणाच्या हाती फोटो पडला तर त्याला ते खरेच वाटेल. आपल्याला खात्रीने ठाऊक आहे तेवढेच, म्हणजे कोणत्या चौकात, कोणत्या तारखेला, कशा खोक्यातून हा फोटो आपण घेतला, हे एका वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने लिहावे, बॉलपेनने लिहू नये कारण त्याची शाई कालांतराने पलीकडे उमटते, आणि तो कागद त्याच पाकिटात फोटोच्या मागे ठेवून द्यावा.